पाठमोरी बैठक

माणसं मोजणं हा माझा धंदा आहे. असं सांगितलं की लोक एकतर हसतात, नाहीतर जरा सावरून बसतात. शिक्रापुरात हायवेपासून थोडं आत, हार्डवेअरच्या दुकानावर आमचं दोन खोल्यांचं ऑफिस आहे. आजूबाजूच्या कारखान्यांना माणसं लागतात आणि कुठल्या कामाला कुठल्या स्वभावाचा माणूस चालेल हे आम्ही त्यांना चाचणी घेऊन सांगतो. माझं नाव अनुपमा, मानसशास्त्रात एम.ए. केलंय, आणि मला फार लवकर राग येतो. ही शेवटची गोष्ट माझ्या स्वतःच्या चाचणीत कधीच आली नाही, कारण ती मीच भरली होती.

चाचणी म्हणजे एकशे वीस वाक्यं. 'हातात घेतलेलं काम मी पुरं करतो.' 'अनोळखी माणसांत मला अवघडल्यासारखं होतं.' 'मी लवकर चिडतो.' प्रत्येक वाक्यापुढं एक ते पाच आकडे. एक म्हणजे अजिबात लागू नाही, पाच म्हणजे अगदी तंतोतंत. त्या आकड्यांतून माणसाच्या स्वभावाची पाच मापं निघतात: त्याला नव्याची किती ओढ, काम किती चोख, माणसांत किती रमतो, दुसऱ्याला किती सांभाळून घेतो आणि मन किती लवकर डळमळतं. कॉलेजात हे शिकताना मला फार ग्रेट वाटलं होतं. दहा वर्षं रोज तेच केल्यावर त्यात गव्हाच्या पोत्यांचं वजन करण्याइतकीच गंमत उरली होती.

गेल्या फेब्रुवारीत गॅस साठवणाऱ्या एका कारखान्याला कंट्रोल रूममध्ये एक ऑपरेटर हवा होता. तिथले एचआर मॅनेजर विश्वजीत, वरवंडच्या बागायतदार घरातले, बोलायला सरळ. त्यांनी मला आधीच बजावलं की टाकी गळायला लागली तर पळून जाणारा नको आणि गोठून जाणारा तर नकोच नको. चाचणीतलं सत्त्याऐंशी नंबरचं वाक्य त्यांनी बोटानं दाखवलं: 'संकटात माझं डोकं शांत राहतं.' इथं चारच्या खाली असेल तर त्या पोराचं नावही मला दाखवू नका, म्हणाले. एकाच वाक्यावरून माणूस ठरवायचा नसतो, हे मी त्यांना दोनदा सांगितलं. त्यांनी दोन्ही वेळा मान डोलावली आणि ऐकलं काहीच नाही.

बत्तीस पोरांना फोनवर लिंक पाठवली. एकतीस जणांचे निकाल आले आणि मला नेहमीसारखा वैताग आला. सगळे देवमाणूस. एकालाही राग येत नाही, एकही कधी खोटं बोलत नाही, सगळ्यांच्या डोक्यावर बर्फ. बत्तिसावा होता खुटबावचा मल्हार, बावीस वर्षांचा, आयटीआय झालेला. त्याच्या नावापुढं संगणकानं लाल खूण केली होती. वीस-पंचवीस मिनिटांची चाचणी भरायला त्यानं चार तास अकरा मिनिटं घेतली होती, आणि उत्तरांचा एकमेकांशी मेळ नव्हता. 'माणसांत मी बुजतो' याला पाच आणि 'अनोळखी माणसाशी मी सहज बोलतो' यालाही चार.

मी फोन लावला. त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. "मी न्हाई भरलं, मॅडम. घरच्यांनी भरलंय," असं सरळ सांगून मोकळा झाला. मी का म्हणून विचारलं तर म्हणाला, स्वतःचं स्वतः कसं सांगायचं, आमच्यात तसं करत नाहीत. मी त्याला चांगलंच झापलं. आमच्या ऑफिसचा नियम कडक आहे, तो महेंद्र सरांनी, म्हणजे आमच्या मालकांनी केलेला. दुसऱ्याकडून चाचणी भरून घेतली की नावापुढं 'फसवणूक' असा शेरा पडतो, आणि ज्याच्यावर तो शेरा पडला त्याला या पट्ट्यातले दहा-बारा कारखाने पुन्हा दारात उभं करत नाहीत. म्हणजे पोराची फक्त ही नोकरी जाणार नव्हती. शिक्रापूरपासून रांजणगावपर्यंतची सगळी दारं एका शेऱ्यानं बंद होणार होती, आणि तो शेरा शुक्रवारपर्यंत मला टाकायचा होता.

शेरा टाकायला बसले तेव्हा सहज त्याची उत्तरं चाळली. 'मी कधी कधी खोटं बोलतो': चार. 'मी इतरांपेक्षा हुशार आहे': दोन. 'माझ्या वस्तू मी जागच्या जागी ठेवतो': एक. आणि विश्वजीतना हव्या असलेल्या सत्त्याऐंशीच्या वाक्यालाही एक. माझ्या कारकिर्दीत मी फसवणुका खूप पाहिल्यात, पण लोक फसवतात ते वर चढण्यासाठी. स्वतःच्या पोराचा आकडा खाली ओढायला चार तास खर्च करणारं घर मी पाहिलं नव्हतं. मी गुरुवारी सकाळी स्कूटी काढली.

तळेगावावरून न्हावरा, पारगावला भीमा ओलांडली की पुढं खुटबावला जाईपर्यंत दोन्ही बाजूंना ऊस. मल्हारचं घर गावाबाहेर शेतातच होतं, स्लॅबच्या दोन खोल्या, पुढं लिंबाखाली शेणानं सारवलेलं अंगण आणि कडेला काट्याच्या कुंपणात अकरा मेंढरं. पूर्वी तीनशे होती, असं नंतर कळलं. मल्हारच्या आजोबांपर्यंत हे लोक आठ महिने मेंढरं घेऊन कोकणपट्टीपर्यंत फिरायचे. आता शेती आहे आणि ही अकरा मेंढरं दगडाबाईंच्या हट्टापायी राहिलीत. दगडाबाई म्हणजे मल्हारची आजी, अंगानं वाळकी, नजर मात्र अशी की मी स्कूटी स्टँडला लावेपर्यंत तिनं मला वरपासून खालपर्यंत वाचून काढलं असणार.

वडील ज्ञानू, आई गिताबाई आणि बारावीतली बहीण प्रांजल, सगळे वाटच पाहत होते. मल्हार कुंपणाजवळ मान खाली घालून उभा होता. मी चहा घेतला आणि घेता घेताच सांगितलं की ही फसवणूक आहे आणि तिची नोंद मला करावी लागणार आहे. मला वाटलं होतं रडारड होईल, हातापाया पडतील. दगडाबाई शांतपणे म्हणाल्या की फसवणूक कशाला म्हणतात ते मला समजावून सांगा. माणसानं स्वतःची तारीफ स्वतः लिहायची, याला तुमच्यात खरं म्हणतात का?

मग त्यांनी त्यांच्या घरची रीत सांगितली. मेंढरं घेऊन निघायच्या आधी कोणी काय करायचं ते ठरवावं लागे. कळपाच्या पुढं कोण चालेल, सामानाची घोडी कोण सांभाळेल, तान्ह्या कोकरांपाशी कोण थांबेल. चुकीचा माणूस चुकीच्या जागी गेला तर जित्राबं मरायची. म्हणून ज्याचं ठरवायचं त्याला सगळ्यांकडं पाठ करून बसवायचं, आणि घरातल्यांनी त्याच्याबद्दल जे खरं असेल ते बोलायचं. बसलेल्यानं तोंड उघडायचं नाही आणि मागं वळायचं नाही. बोलणाऱ्यानं मायेपोटी वाढवायचं नाही की रागापोटी कमी करायचं नाही. लग्न ठरवतानाही हेच. लिंक आल्यावर त्यांनी मल्हारला तसंच बसवलं आणि एकशे वीस वाक्यांवर चार तास बोलत राहिले. फसवलं होतं ते कुणाला, हेच त्यांना कळत नव्हतं.

माझ्याकडं छापील फॉर्म होता. मी म्हटलं, आत्ता माझ्यासमोर पुन्हा करा. खरं सांगायचं तर मला पुरावा हवा होता. मल्हार मेंढरांकडं तोंड करून पोत्यावर बसला, बाकीचे त्याच्या पाठीमागं, आणि प्रांजल वाचायला लागली.

"हातात घेतलेलं काम मी पुरं करतो."

"कवा?" दगडाबाई म्हणाल्या.

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, कवा म्हणजे नेहमी, एरवी, साधारणपणे. त्यांनी नाही म्हणून मान हलवली. साधारणपणे कुणी काही करत नसतं, म्हणाल्या. काम जनावराचं असेल तर हा पोरगा जेवण सोडून पुरं करतो. काम कागदाचं असेल तर उद्यावर टाकतो. बापानं सांगितलेलं करतो पण कुरकुरत, बहिणीनं सांगितलेलं हसत करतो, आणि कुणी न सांगितलेलं सगळ्यात चांगलं करतो. आता यातला कुठला आकडा पाहिजे?

पुढचं वाक्य अनोळखी माणसांत बुजण्याचं. पुन्हा तेच, कवा? लग्नकार्यात बुजतो, ज्ञानूंनी सांगितलं, पाहुण्यांत याला शोधावा लागतो. पण बाजारात मेंढरू विकायला उभा केला तर वाटेल त्या अनोळखी माणसाशी तासभर बोलतो. प्रांजलनं भर घातली की समोरचा घाबरलेला असेल तर दादा त्याच्याशी आपणहून बोलतो, रुबाबात असेल तर नाही. म्हणून एका वाक्याला पाच आणि दुसऱ्याला चार. संगणकानं ज्याला विसंगती म्हटलं होतं, ती त्या पोराची अख्खी रीतभात होती.

मी पेन खाली ठेवलं. अंगावर काटा येणं म्हणजे काय ते मला त्या अंगणात कळलं, आणि तो का आला ते सांगायला थोडं मागं जावं लागेल.

माणसाचा स्वभाव कशानं बनतो, यावर जगात हजारो वर्षं वाद चाललाय. जुन्या ग्रीकांनी अंगातल्या चार रसांवर बोट ठेवलं, आपल्या वैद्यांनी वात, पित्त, कफावर. मग कुणी म्हणालं की माणूस पहिल्या पाच-सहा वर्षांतच घडतो आणि उरलेला जन्म त्या तळघराची झडप दाबून धरण्यात घालवतो. कुणी म्हणालं तळघर वगैरे काही नसतं, ज्याला शाबासकी मिळते ते माणूस पुन्हा करतो, एवढंच. मग दोन अभ्यासक एक जाडजूड शब्दकोश घेऊन बसले. त्यांचं म्हणणं असं की माणसं शेकडो वर्षं एकमेकांबद्दल बोलत आलीत, तेव्हा स्वभावातलं जे महत्त्वाचं असेल त्याला भाषेत कधीतरी शब्द पडलाच असणार. त्यांनी जवळजवळ अठरा हजार शब्द वेचले. पुढच्यांनी ते चाळून चाळून पाच ढिगांत आणले. माझी चाचणी त्या ढिगांतूनच आलेली. आणि मग एक बंडखोर उठला, त्यानं विचारलं की एकाच माणसाचं वागणं जागा बदलली की बदलतं, तर तुमची ही मापं खरी कशावरून? त्यावर पंचवीस-तीस वर्षं मोठमोठी माणसं भांडली. शेवटी शहाण्यांनी मान्य केलं की माणसाची ओळख नुसत्या आकड्यात नसते, तो केव्हा कसा वागतो त्या जोड्यांत असते.

एवढा सगळा प्रवास त्या म्हातारीच्या एका शब्दात होता. कवा? तिला वाचता येत नव्हतं. तिनं तो शब्द तीनशे मेंढरांमागं चालताना मिळवला होता, कारण चुकीचं उत्तर आलं तर जित्राब मरायचं. माझ्या चुकीच्या उत्तरानं आजवर काय काय गेलं, हे मी कधी पाहायला गेले नव्हते.

त्यानंतर मी आकडे लिहिणं सोडलं आणि ते बोलतील ते लिहायला लागले. किती शब्द होते त्यांच्याकडं. मल्हार हेकट आहे की चिवट, यावर ज्ञानू आणि दगडाबाईंचं दहा मिनिटं जुंपलं. हेकट माणूस चुकतोय हे कळूनही सोडत नाही, चिवट माणूस चुकलं की वाट बदलतो पण जाणं सोडत नाही, असं शेवटी ठरलं आणि मल्हार चिवट निघाला. तो आतल्या गाठीचा आहे का? नाही, गिताबाई म्हणाल्या, आतल्या गाठीचा माणूस लपवतो, हा नुसता सांगत नाही. मी हा फरक कुठल्याही पुस्तकात इतका स्वच्छ वाचला नव्हता. खोटं बोलतो का? बोलतो, प्रांजल म्हणाली, आईला वाईट वाटणार असेल तेव्हा बोलतो, आणि पकडला गेला तर हसतो. सगळ्यांनी ते कबूल केलं. मल्हारची पाठ तेवढी माझ्यासमोर होती. निळा शर्ट, मानेवर उन्हाचा पट्टा. कान मात्र लाल झाले होते.

अशा रीतीनं दुपार झाली आणि आम्ही सत्त्याऐंशीवर आलो. प्रांजलनं वाचलं, "संकटात माझं डोकं शांत राहतं," आणि पहिल्यांदाच कुणी काही विचारलं नाही. ज्ञानू एक म्हणाले. प्रांजल एक म्हणाली. दगडाबाईंनी एक बोट वर केलं. गिताबाई हसल्या आणि म्हणाल्या, गोठतोय तो. एक लिवा.

एव्हाना मला ही नोकरी या पोरालाच मिळायला हवी होती. फसवणुकीचा शेरा मी कसाही टाळला असता, महेंद्र सरांशी भांडले असते, ते मला जमतं. पण गोठणारा नको, हे विश्वजीतनी तोंडानं सांगितलं होतं, आणि त्यांचं चूक नव्हतं. गॅसच्या टाकीपुढं गोठणारा माणूस बसवायला मी तरी कशी सांगू? आणि हे घर असं, की पोराची नोकरी वाचवायला एकाचे दोनसुद्धा करणार नाही.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की सकाळपासून प्रत्येक वाक्याला जो प्रश्न आला होता तो इथं आलाच नाही. मग तो मीच विचारला. मी म्हटलं, "आजी, कवा?"

सगळे एकमेकांकडं पाहायला लागले. तो किस्सा त्यांच्या घरात इतक्या वेळा सांगून झाला होता की पुन्हा सांगायचा असतो हेच विसरले होते. शेवटी ज्ञानूंनी सांगितला. सहा वर्षांपूर्वी गिताबाई ओढ्याकडच्या तुकड्यात गुरांसाठी घास कापत होत्या. पाणी देऊन झालेलं, जमीन ओली. वाऱ्यानं खांबावरची विजेची तार तुटली आणि घासात कुठंतरी पडली. मल्हार तेव्हा सोळा वर्षांचा, आईपासून दहा-बारा पावलांवर बांधावर होता. ज्ञानू लांबून येत होते, त्यांनी खांबावरून लोंबणारं टोक पाहिलं आणि धावत जाऊन डीपीवरचा खटका पाडला. मागं वळून बघतात तर पोरगा बांधावर तसाच खांबासारखा उभा. ना आईला हाक मारली, ना पळाला, ना हातपाय हलवले. डोळे तेवढे आईकडं. गिताबाईंनी पुढचं सांगितलं, हसत हसतच, की मी दोनदा विचारलं काय रं, काय झालं, तर उत्तर नाही. नुसता माझ्याकडं बघतोय. तेव्हापासून घरात काही सांडलं, फुटलं, की मल्हारला म्हणायचं, जा, बांधावर उभा राहा.

मी मल्हारच्या पाठीकडं पाहिलं. कान आता लाल नव्हते. पण खांदे वर आले होते, सकाळपासून पहिल्यांदा.

एका गोष्टीवर मानसशास्त्रात बरंच काम झालंय. माणूस बडबड्या आहे का, नीटनेटका आहे का, हे त्याच्यापेक्षा आजूबाजूचे बरं सांगतात. पण भीती, काळजी, धास्ती, हे आतलं असतं, ते बाहेरून दिसत नाही, ते ज्याचं त्यालाच जास्त खरं माहीत असतं. परीक्षेसाठी पाठ केलेलं हे वाक्य मला कधी उपयोगी पडेल असं वाटलं नव्हतं. मी दगडाबाईंना म्हटलं की एवढ्या एका वाक्यापुरतं मल्हारला वळू द्या आणि बोलू द्या. ज्ञानूंनी लगेच नकार दिला. बसलेला बोलला की बैठक बाटते, म्हणाले. मी दगडाबाईंकडंच वळून सांगितलं की तुमची रीत माझ्या चाचणीपेक्षा मोठी आहे, हे मी आज मान्य केलंय, पण हिला एक भोक आहे. ज्याला बोलायची बंदी, त्याच्याच पोटात एखादी गोष्ट असेल तर ती तुम्हाला कधीच कळणार नाही. त्यांना ते बोचलं असावं. पण बोचलं म्हणून अडून बसणारी ती बाई नव्हती.

"वळ रं," त्या म्हणाल्या.

मल्हार पोत्यावरच वळला. कुणाकडं बघावं ते त्याला कळेना, म्हणून त्यानं माझ्याकडं पाहिलं.

"मी गोठलो नव्हतो, मॅडम. तार आईच्या मागं पडली हुती. हाक मारली असती तर ती दचकून मागं सरली असती. पळालो असतो तर माझ्याकडं यायला निघाली असती, आन् तारंचा येढा दोन्हीकडनं हुता. मेंढरू आडाच्या काठाला गेलं की आजी कशी उभी राहती, तसा उभा राहिलो. बघत राहिलं की ते पण बघत राहतं. हालत न्हाई."

मेंढरांची खाण्याची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. मी त्याला विचारलं की त्या वेळी डोक्यात काय चाललं होतं. म्हणाला, आप्पा, म्हणजे वडील, डीपीकडं पळालेले दिसले होते, तिथंपर्यंत किती वेळ लागेल ते मोजत होतो. पाय थरथरत होते पण ते बांधावरच्या गवतात दिसले नसतील. खटका पडल्यावर आई वडिलांकडं निघाली, तेवढ्यात तिच्यामागं त्यानं तार ओढून लांब टाकली, म्हणजे ती कुठं पडली होती हे कुणाला कळू नये. कळलं असतं तर आई पुन्हा त्या तुकड्यात गेली नसती, आणि घास तर रोज लागतो. सहा वर्षं तो भित्रा म्हणवून घेत राहिला. तसं म्हटलं की घरातले हसतात, आणि हसतात ते बरंय, असं त्याला वाटायचं.

गिताबाईंचं हसू कधीच मावळलं होतं. त्यांनी एवढंच विचारलं, "किती लांब हुती?"

मल्हारनं हाताची वीत करून दाखवली आणि लगेच हात मांडीखाली घेतला.

दगडाबाई कपाळाला पदर लावून बसल्या होत्या. "माझंच उभं राहनं हुतं ते," त्या म्हणाल्या. "मी शिकिवलेलं. आन् मलाच वळकू आलं न्हाई."

मी आजवर किती माणसांचे स्वभाव दोन पानांत बसवून कारखान्यांकडं पाठवलेत, त्याचा हिशोब मला तिथं बसून करवेना. ज्या बाईनं शेकडो जनावरं आणि माणसं नजरेनं जोखली, तिच्या डोळ्यांदेखत, तिच्याच अंगणात वाढलेला पोरगा तिला अख्खा दिसला नव्हता. माणूस एवढा खोल असतो. मला भीती नाही वाटली, वाईटही नाही वाटलं. डोंगराच्या पायथ्याशी उभं राहून वर पाहावं आणि वरचं टोक ढगात गेलेलं असावं, तसं वाटलं, आणि आपण या डोंगराखाली इतकी वर्षं वजनकाटा घेऊन बसलो होतो याचं हसूही आलं.

नोकरीचं सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. सत्त्याऐंशीच्या वाक्यापुढं मी आकडा घातलाच नाही, तिथं ओढ्याकडच्या तुकड्यात काय झालं ते लिहिलं. बाकीची उत्तरं घरच्यांनी त्यांच्या रीतीप्रमाणं दिली आणि हे एक ज्याचं त्यानं, सगळं माझ्यासमोर, असं खाली लिहून सही केली. महेंद्र सरांशी अर्धा तास भांडण झालं. विश्वजीतनी ते पान माझ्यासमोर दोनदा वाचलं, मग खिडकीबाहेर बघत विचारलं की माझ्याबद्दल असं बसून सांगणारं कुणी असेल का हो. एक तारखेपासून मल्हार कंट्रोल रूममध्ये बसतो, आणि महेंद्र सरांच्या नियमात आता एक ओळ जास्त आहे.

पण मला सांगायचंय ते त्या दुपारचंच. दगडाबाईंनी बैठक संपली म्हणून सांगितलं तरी कुणी उठेना. मी फॉर्म गोळा करत होते. तेवढ्यात गिताबाई उठल्या, मल्हारच्या पुढं गेल्या आणि त्याच्याकडं पाठ करून खाली मातीत बसल्या.

"आता माझं सांगा," त्या म्हणाल्या. "पयलं ह्यानं सांगायचं."

ज्ञानू काहीतरी बोलणार होते, म्हातारीनं त्यांना हातानं थांबवलं. आईची पाठ मल्हारपासून हातभर अंतरावर होती, घामानं भिजलेल्या पोलक्याची, पदर नीट घेतलेली. मला वाटलं तो उठून जाईल. मग तो बोलला, इतकं हळू की प्रांजल पुढं सरकून ऐकायला लागली.

"आई, मी नुसता उभा हुतो. मी काय सांगितलं न्हाई, का म्हनून ते तुला ठाव न्हवतं, तरी तू थांबलीस. दुसरं कोन असतं तर थांबलं नसतं."

गिताबाईंनी मान हलवली नाही, काही म्हटलं नाही. बसलेल्यानं बोलायचं नसतं आणि मागं वळायचं नसतं, ते त्यांनी पाळलं. फक्त त्यांचा हात मागं आला, मातीवरून चाचपडत, आणि मल्हारनं तो धरला.